एकशे बारावी ओळ

पीएच.डी.च्या डेटा कलेक्शनसाठी चारशे प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन मी एसटीने ज्युनिअर कॉलेजं पालथी घातली. विषय होता बारावीच्या मुलांवरचा परीक्षेचा ताण. एका रात्री कागद तपासताना एका प्रश्नावलीच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : ‘मॅडम, तीन महिने झाले, झोप लागत नाही. घरी सांगता येत नाही.’ नाव नव्हतं. नाव लिहू नका, असं मीच बजावलं होतं.

गाइडना फोन केला. माणूस भला. म्हणाले, ‘पुढची बाजू पूर्ण भरलीये ना? मग घे.’ ते मूल एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकशे बाराव्या ओळीत गेलं.

मी परत त्या कॉलेजात गेले, वर्गाशी बोलायला एक तास मागून घेतला. फळ्यासमोर उभी राहिले आणि घसा कोरडा पडला. टी-टेस्ट, रिग्रेशन, संख्याशास्त्रातलं सगळं पाठ होतं. पण घाबरलेल्या मुलाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मला कुणीही शिकवलं नव्हतं.

आणि ज्यात पीएच.डी. करत होते त्या विषयाचं नाव काय, तर उपयोजित मानसशास्त्र!

यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएच.डी.साठी किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आहे. संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचं वगैरे काम देता येईल, अशीही सोय आहे. चांगलंच आहे. पण अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली माणसांसोबत बसायचे तास? ते माझ्या वाट्याला एकदाही आले नाहीत. अमेरिकेत १९४९ साली बोल्डरच्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, संशोधकही हवा आणि प्रत्यक्ष काम करणाराही. तिथे क्लिनिकल किंवा समुपदेशनातल्या पीएच.डी.त एक वर्षाची इंटर्नशिप असते.

व्हायवा झाल्यावर मावशीने पेढे वाटले आणि म्हणाली, ‘आता दवाखाना टाक.’ तिला कसं समजावू? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या वाचा. अप्लाइड सायकॉलॉजीच्या, म्हणजे माझ्याच विषयाच्या, पदव्युत्तर पदवीचा त्यात उल्लेख आहे, पण त्या वाटेने जायचं तर सोबत देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. माझी पीएच.डी. तिथे चालत नाही. कायदा चुकीचा आहे असं मला मुळीच वाटत नाही. रुग्णाच्या बाजूने ते योग्यच आहे. चूक आहे ती पाच-सहा वर्षं आम्हाला घेऊन त्यातलं काहीच न देणाऱ्या आमच्या प्रशिक्षणाची.

मग उरतं कॉलेज. आम्हा बरोबरच्या पाच जणांपैकी दोघी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आहेत, तासाचे पैसे, तेही महिनोन्‌महिने अडकलेले. एक जण कंपनीत एचआरला लागला. एक शाळेत समुपदेशक, पगार एम.ए. झालेल्यांइतकाच. मी तीन वर्षं सीएचबी करून आता एका संस्थेत आहे आणि चाळिशीला आल्यावर समुपदेशनाचं मूलभूत प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने घेतेय.

जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आहे, विद्यापीठांत विभाग आहेत. आठवड्यातून एक दिवस संशोधक विद्यार्थ्याला तिथल्या अनुभवी माणसाच्या शेजारी बसू द्या. निदान ऐकायला तरी शिकू द्या! याला नवी इमारत लागत नाही.

परवा एम.ए.ची एक मुलगी पीएच.डी. करू का विचारायला आली. तिला म्हटलं, कर. पण गाइडना भेटशील तेव्हा विषयाच्या आधी एवढं विचार : गठ्ठ्यातून असा कागद निघाला, तर मी कुणाकडे जायचं?