वर एक, खाली चार

सागरगोटे खेळायला काहीच लागत नाही, असं सांगणाऱ्या लोकांचे गुडघे एकदा तपासायला हवेत. पाच बिया आणि हातभर जमीन, एवढ्यावर खेळ होतो हे खरं. पण त्या जमिनीवर मांडी घालून बसावं लागतं, बसल्या बसल्या पुढे वाकावं लागतं आणि समोर पंच म्हणून माझी नऊ वर्षांची भाची असते. याची पूर्वकल्पना कोणी देत नाही.

खेळ समजायला अगदी सोपा, हीच त्याची लबाडी. पाच गोटे पसरायचे, त्यातला एक उचलून उडवायचा, तो हवेत असताना खालचा एक टिपायचा आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. एक-एक झालं की दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. टिपताना शेजारचा गोटा हलला की डाव गेला. माझी तक्रार आहे ती ‘त्याच हाताने’ या कलमाविरुद्ध. दुसरा हात मला आहे, धडधाकट आहे, मदतीला उत्सुकही आहे. पण त्याने मांडीवर बसून तमाशा बघायचा.

सपाटून हरल्यावर शिकलेली माणसं जे करतात तेच मी केलं. कागद-पेन्सिल घेऊन गणिताला बसलो. गोटा तीस सेंटिमीटर उंच उडवला तर तो साधारण अर्ध्या सेकंदात परत येतो. एवढ्या वेळात माझे डोळे फार तर ‘अरे!’ एवढंच म्हणू शकतात. पूर्ण सेकंद हवा असेल तर सव्वा मीटर उडवा. आणि माझ्या वयाला शोभणारे दोन सेकंद हवे असतील तर जवळपास पाच मीटर! म्हणजे वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट, आणि मध्ये छत. निसर्गनियमही भाचीच्या बाजूचे निघाले.

तरी मी उंच उडवून पाहिला. गोटा जितका वर जातो तितका तिरपा जायलाही मोकळा होतो. तो एकदा डोक्यावर आला आणि ही बी किती टणक असते ते मला नव्याने कळलं. काटेरी शेंगेतली ही करड्या रंगाची गुळगुळीत बी पाण्यावर तरंगते आणि समुद्राच्या प्रवाहांबरोबर वाहत पार आयर्लंड-नॉर्वेच्या किनाऱ्यांना लागलेली आहे. महासागर ओलांडणारी ही बी सोफ्याखाली गेली की मात्र बाहेर यायला तयार नसते. तिथे मलाच पालथं पडून जावं लागतं. मी खाली असताना “मामा, वेळ काढू नकोस” असं वरून ऐकू येतं.

तिच्यावर छाप पाडायला मग इतिहास काढला. म्हटलं, हा काही साधासुधा खेळ नाही. प्राचीन ग्रीक लोक मेंढीच्या घोट्याची हाडं घेऊन असंच खेळत. पीटर ब्रुगेल नावाच्या चित्रकाराने १५६० साली मुलांच्या खेळांनी गच्च भरलेलं एक चित्र काढलं, त्यात खाली डाव्या कोपऱ्यात दोघीजणी हाडांचाच डाव मांडून बसल्यात. जपानी मुली दाणे भरलेल्या कापडी पिशव्या उडवतात. कोरियात ‘गोंगी’ खेळताना शेवटी पाचही खडे हाताच्या पाठीवर झेलतात, तिथून पुन्हा उडवून मुठीत धरतात आणि मिळालेले गुण वर्षांत मोजतात. वर्षांच्या हिशेबात मी तिच्या कितीतरी पुढे आहे, हा मुद्दा मी नम्रपणे मांडला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू हाताच्या पाठीवर झेलून दाखव ना.”

हाताची पाठ ही वस्तू झेलायला बनवलेली नाही. लहान मुलांची बोटं मागे वळतात, मध्ये छानशी खोलगट जागा होते आणि गोटे तिथे घरच्यासारखे स्थिरावतात. माझा हात पालथा केला की इस्त्रीचं टेबल होतं. गोटे येतात, क्षणभर टेकतात आणि चहूबाजूंनी निघून जातात.

तिचं निरीक्षण करताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. ती उडवलेल्या गोट्याकडे फारसं बघतच नाही. नजर खाली, टिपायच्या गोट्यावर. वरचा आपल्या पायाने परत येणार हे तिने गृहीत धरलेलं. एक-एक टिपायचे असले की गोटे लांब लांब पसरते, म्हणजे बोट शेजाऱ्याला लागत नाही. चारही एकदम घ्यायचे असले की अलगद, जवळ जवळ सोडते. अर्धा डाव तिने गोटे जमिनीवर टाकतानाच जिंकलेला असतो. मी सगळा वेळ आकाशाकडे बघत बसतो. मग वरचा हातात येतो तेव्हा खालचा तिथेच असतो, आणि खालचा सापडला की वरचा सोफ्याखाली.

शेवटी ‘हलला’ आणि ‘नाही हलला’ यावरून आमचं जुंपलं. रडीचा डाव मीच खेळत होतो, असं घरातल्या साक्षीदारांचं मत पडलं. भाचीने थोडा विचार करून निकाल दिला, “मामा लिंबूटिंबू. तो आऊट झाला तरी चालेल.”

या निकालाविरुद्ध अपील करावं असं क्षणभर वाटलं. पण लिंबूटिंबूला दोन्ही हात वापरता येतात का, हे आधी विचारून घेतलं.