खुलासा : ज्युडी डेंच यांची कारकीर्द साठीत सुरू झालेली नाही

‘ब्रिटिश अभिनेत्री ज्युडी डेंच यांनी वयाच्या साठाव्या वर्षी, १९९५ च्या ‘गोल्डनआय’ या बाँडपटातून अभिनयाला सुरुवात केली,’ असा प्रेरणादायी म्हणून फिरणारा मजकूर चुकीचा आहे. त्या १९५७ मध्येच लंडनच्या ओल्ड व्हिक कंपनीत ‘हॅम्लेट’मधील ऑफेलिया म्हणून रंगमंचावर आल्या होत्या, १९६० मध्ये तिथेच ज्युलिएट झाल्या आणि १९६८ मध्ये ‘कॅबरे’ या संगीत नाटकाची नायिका. चित्रपटांतही त्या १९६४ पासून आहेत.

या मजकुरामुळे त्यांचे सर्वांत मोलाचे कामच पुसले जाते, याचे वाईट वाटते. १९७६ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या पत्र्याच्या छोट्याशा नाट्यगृहात ट्रेव्हर नन यांनी ‘मॅकबेथ’ बसवले, तेव्हा नट जमिनीवरील वर्तुळाभोवती खोक्यांवर बसून आपल्या प्रवेशाची वाट पाहत आणि प्रेक्षक इतके जवळ असत की मॅकबेथ झालेल्या इयन मॅकेलन यांच्यासमोर लेडी मॅकबेथ साकारणाऱ्या डेंच यांचा श्वासही ऐकू यावा. १९८८ मध्ये त्यांना ‘डेम’ हा ब्रिटनचा मानाचा किताब मिळाला, तोही बाँडपटाच्या सात वर्षे आधी. त्यांना ऑस्कर मोजक्या मिनिटांच्या भूमिकेसाठी मिळाले, असेही त्या मजकुरात म्हटले आहे; १९९९ मध्ये मिळालेले ते ऑस्कर मात्र खरोखरच तशा भूमिकेसाठी होते, तेवढा तपशील बरोबर आहे.