अर्जच घेतला नाही, म्हणजे उशीरही झाला नाही!

सहा आठवडे. सहा आठवडे मी महापालिकेच्या एका ऑनलाइन फॉर्मशी डोकं आपटते आहे आणि आता मला गप्प बसवत नाही.

बाबा जानेवारीत गेले. घर त्यांच्या नावावर होतं. घरपट्टीच्या बिलावर आता आईचं नाव लावायचं, एवढंच काम. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रं, शेवटची पावती, सगळे कागद तयार. प्रभाग कार्यालयात गेले, तर खिडकीतल्या माणसाने कागदांना हातसुद्धा लावला नाही. "मॅडम, हे आता ऑनलाइनच. इथं अर्ज घेणं बंद केलंय."

घरी येऊन साइट उघडली. आधी ब्राउझरनेच अडवलं, की हे कनेक्शन सुरक्षित नाही, पुढे जाऊ नका. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती. लाखो लोक जिथे आपले बँकेचे तपशील टाकतात, त्या जागेचं कुलूप मोडलंय आणि ते बदलायला कोणी आलेलं नाही. तरी पुढे गेले, कारण दुसरा रस्ताच ठेवलेला नाही. मालमत्ता क्रमांक टाकला. 'नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.' तो मोबाईल बाबांचा. ते सिम आम्ही मार्चमध्ये बंद केलं. नंबर बदलायचा पर्याय शोधला, तर तिथेही पहिली अट हीच, की जुन्या नंबरवर आलेला ओटीपी टाका.

वारसा-नोंदीच्या अर्जाला गेलेल्या माणसाचा फोन लागतो! अहो, माणूस गेला म्हणूनच तर हा अर्ज करायचा असतो ना? हा फॉर्म बनवला कोणी, तपासला कोणी, याचं बिल पास कोणी केलं? आई शेजारी बसून विचारत होती, "काय म्हणतंय गं ते?" काय सांगणार होते मी तिला?

नंबर बदलून घ्यायला कार्यालयात तीन हेलपाटे. मग फॉर्म उघडला. प्रत्येक कागद २०० केबीच्या आत हवा. चार पानांचं संमतीपत्र तेवढ्यात बसवलं की सही दिसत नाही, आणि सही दिसेल असं ठेवलं की साइट घेत नाही. कसंबसं ते जमवलं, 'सबमिट' दाबलं आणि समोर पांढरं पान. अर्ज क्रमांक नाही, एसएमएस नाही, पोच नाही. सकाळी करून पाहिलं, रात्री करून पाहिलं. झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, रात्री अकरानंतर बघा, तेव्हा कधी कधी जातो." कधी कधी! मदतीसाठी दिलेला फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही. दिलेल्या पत्त्यावर ईमेल केला तर तो परत आला. तिकडची पेटी भरलेली होती.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं खरं फिरलंय, ती सांगते. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेली सेवा ठरलेल्या दिवसांत द्यायची. नाही दिली तर पहिलं अपील, दुसरं अपील, त्यानंतर थेट आयोग. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. चांगला कायदा आहे. आमच्या प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर त्याचा फलकही आहे आणि त्यावर या नोंदीपुढे पंधरा दिवस लिहिलेत. पण हे पंधरा दिवस मोजायचे अर्ज पोहोचल्यापासून. साइटने अर्जच घेतला नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही. पोच नाही, म्हणून उशीर नाही. उशीर नाही, म्हणून अपील नाही. माझे सहा आठवडे महापालिकेच्या कुठल्याही नोंदीत नाहीत. त्यांच्या लेखी मी अजून आलेलीच नाही! उद्या कोणी आढावा घेतला तर आलेले सगळे अर्ज मुदतीत निकाली निघाले, असंच त्या तक्त्यात दिसेल. आणि माझ्यासारखे किती जण त्या पांढऱ्या पानावर अडकलेत, ते मोजायची सोयच नाही.

म्हणून मला कोणी 'सर्व्हर डाऊन होता' हे कारण सांगू नये. सर्व्हर सगळीकडे कधी ना कधी बंद पडतात. पण खिडकी तुम्ही बंद केलीत. कागद घ्यायला तुम्ही नकार दिलात. साइट चालत नसेल त्या दिवशी कागदी अर्ज घ्या, शिक्का मारा, पोच द्या, एवढं करायला कुठलं तंत्रज्ञान लागतं? आवक-जावकचं रजिस्टर आणि शाईचा शिक्का लागतो.

आमची बाजू बंद पडली तरी त्यांची वसुली कधी बंद पडत नाही, हे आणखी एक. घरपट्टीची मुदत टळली की थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४ टक्के. सवलतीच्या शेवटच्या आठवड्यात साइट दरवर्षी बसते. ही तारीख काही अचानक उगवत नाही, ती त्यांनीच ठरवलेली असते. मग त्या आठवड्यात गर्दी होणार हे त्यांना कळत नाही? आमच्या सोसायटीतल्या एका काकांचे पैसे खात्यातून गेले, पावती निघाली नाही आणि बिलावर थकबाकी तशीच. बँक म्हणते पैसे पोहोचले, महापालिका म्हणते आमच्याकडे दिसत नाहीत. बहात्तर वर्षांचा माणूस पासबुकाची झेरॉक्स घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय, आणि शास्ती मात्र दर महिन्याला न चुकता चढतेय.

साइटवर बाकी काय आहे ते बघायला बसले, तर आणखी संताप आला. नगरसेवकांच्या पानावर अजून ज्यांची मुदत २०२२ मध्ये संपली तेच लोक. त्यातले आमच्या वॉर्डातले एक गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या फोटोखाली त्यांचा नंबर तसाच आहे, त्यांच्या घरच्यांना अजून पाण्याच्या तक्रारीचे फोन येत असतील. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ मध्ये १७ बाबी दिल्यात, ज्या कार्यालयाने कोणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करायच्या आणि वेळोवेळी अद्ययावत करायच्या. कोणता अधिकारी कोणतं काम करतो, अंदाजपत्रक किती, जन माहिती अधिकारी कोण, हे सगळं त्यात येतं. लोकांवर अर्ज करून माहिती मागायची पाळी कमीत कमी यावी, असं कायदाच म्हणतो. आमच्या साइटवर जन माहिती अधिकारी म्हणून ज्यांचं नाव आहे, ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, हे मला कार्यालयातल्याच शिपायाने सांगितलं.

अंदाजपत्रक आहे, पण आडवं स्कॅन केलेलं. त्यात एक शब्द शोधायची सोय नाही. जुनी परिपत्रकं युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की मराठीचा नुसता चिन्हांचा चिवडा होतो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही आणि संगणकाकडून वाचून घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी ही पानं कोरीच. २०२२ मध्ये स्थानिक संस्थांच्या कारभारात मराठी सक्तीची करणारा वेगळा कायदा झाला. तरीही 'मराठी' वर टिचकी मारली की वरची पट्टी तेवढी मराठी होते आणि चूक दाखवणारा संदेश इंग्रजीतच येतो. माझ्या आईला तो कसा कळावा? आणि पानाच्या तळाशी अजून सूचना आहे, की ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये बंद केला.

निविदांचं पान तेवढं ताजं आहे. म्हणजे साइट चालवता येते, पान बदलता येतं, ते करणारा माणूसही आहे. आपल्यासाठी कोणी करत नाही, एवढंच.

मी निदान घरी बसून भांडू शकते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मुलीच्या जन्मदाखल्यातली चूक दुरुस्त करायला दोन दिवसांचे खाडे केले. पैसे कापले गेले, काम झालं नाही. ऑक्टोबर २०२३ पासून तर नव्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा झालाय. कागद इतका महत्त्वाचा करून ठेवायचा आणि तो मिळायचं दार असं ठेवायचं? शेवटी मावशींनी कार्यालयाबाहेरच्या माणसाला ४०० रुपये दिले. त्याच साइटवर, त्याच फॉर्मवर त्याने ते काम चार दिवसांत करून आणलं. कसं, ते त्याने सांगितलं नाही.

आणि एक भीती आहे, ती फार गंभीर आहे. साइटवरचा फोन कोणी उचलत नाही, म्हणून माणसं इंटरनेटवर दुसरा नंबर शोधतात, आणि तिथे भामटे टपलेलेच असतात. 'तुमची घरपट्टी अपडेट करतो, हे ॲप टाका' म्हणतात आणि खातं रिकामं करतात. ब्राउझरचा इशारा डावलून पुढे जायची सवय लोकांना खुद्द महापालिकेच्याच साइटने लावलीय. आईला मी सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवून दिलाय. घरपट्टी भरायची म्हणून ही तयारी करावी लागते, याची कोणाला लाज वाटत नाही का?

परवा पुन्हा कार्यालयात गेले. साहेबांना भेटले. म्हणाले, ज्या कंपनीकडे साइटचं काम होतं तिचं कंत्राट संपलंय, नवीन प्रक्रिया चालू आहे. मी म्हटलं, मग तोपर्यंत कागद घ्या. म्हणाले, तसे आदेश नाहीत. मी म्हटलं, कागद घेऊ नका असा लेखी आदेश तरी दाखवा. तोही नव्हता.

काल अर्ज हाताने लिहिला, चार ओळींत. सगळ्या कागदांच्या प्रती लावल्या, पांढऱ्या पानाचे तारीख-वेळेसह नऊ स्क्रीनशॉट छापून जोडले आणि आयुक्तांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवले. आईने सही केली. सही करताना तिने बाबांच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे काम त्यांनी दोन दिवसांत केलं असतं." तेव्हा खिडकी होती ना, आई.

पाकीट पोहोचल्याचा मेसेज आज दुपारी सव्वातीनला आला. पंधरा दिवस आता मी मोजणार आहे, आणि सोळाव्या दिवशी पहिलं अपील टाकणार आहे, तेही कागदावर.