पगार न देता माणसं आपलं ऐकतात का?

नेता म्हणून आपण कसे आहोत हे ऑफिसात कळत नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे. तिथे समोरच्याची रजा, अप्रेझल, बदली आपल्या सहीवर असते. तो ऐकतो यात आपलं कर्तृत्व किती आणि खुर्चीचं किती, कसं ठरवणार? मी बँकेत आहे. स्वतःची बलस्थानं आणि उणिवा लिहायचा फॉर्म आम्हाला भरावा लागतो. त्यावर बढती अवलंबून असते, त्यामुळे मनातलं कुणीच लिहीत नाही.

माझी परीक्षा होते ती परळला, आमच्या महिला गोविंदा पथकाच्या सरावात. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि गोकुळाष्टमीपर्यंत रोज रात्री पोरी येतात. कुणी दुकानातली ड्युटी संपवून, कुणी घरचं जेवण उरकून, कुणी थेट डोंबिवलीहून. एकीलाही पगार नाही. उद्यापासून यायचं नाही असं एखादीने ठरवलं, तर मी तिला थांबवू शकत नाही.

लोकांना उंची दिसते. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट, आणि गिनीजमध्ये नाव गेलं. मला आजही त्याचा अभिमान वाटतो. पण प्रशिक्षक म्हणून माझी नजर थर उतरताना जास्त असते. सलामी झाली की वरच्यांचं भान सुटतं आणि नेमकं तेव्हाच खालच्यांचे खांदे भरून आलेले असतात.

थरात कुणालाच पूर्ण मनोरा दिसत नाही. तळाच्या मुली मान खाली घालून एकमेकींना धरून उभ्या असतात, वर काय चाललंय ते त्यांना कळत नाही. वरचीला खाली कुणाचे गुडघे लटपटतायत ते कळत नाही. सगळं दिसतं ते बाहेर उभ्या असलेल्या माणसाला, म्हणून बाकीच्या त्याच्या आवाजावर विश्वास टाकतात. हा विश्वास मागून मिळत नाही.

माझी ताकद इथे आहे, आणि ती मी संकोच न करता सांगते. मला पोटरीची थरथर आधी दिसते. समोर डीजे वाजत असतो, स्टेजवरून बक्षिसाचे आकडे पुकारले जात असतात, गर्दी 'अजून एक' म्हणून ओरडत असते. तरी मी शांत आवाजात 'उतरा' म्हणू शकते आणि पोरी उतरतात. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने वयाची आणि उंचीची मर्यादा घातली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१७ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवता येत नाही. नियम योग्यच आहे. पण मोठी मुलगी एक्का म्हणून, म्हणजे सगळ्यात वरच्या थरावर, चढली की तिचं वजन खालच्या प्रत्येकीच्या खांद्यावर येतं. म्हणजे एक थर कमी. हे पथकाला पटवणं सोपं नव्हतं, आणि ते मी केलं.

उणीव मात्र खोल आहे. मी कारण सांगत नाही. शिट्टी वाजल्यावर कारणं सांगायला वेळ नसतो, तिथे ते बरोबरच आहे. पण सराव संपल्यावरही माझी तीच सवय राहते. दुसऱ्या थरावरच्या मुलीला तळाला उभं केलं, तर तिला वाटतं आपल्याला खाली ढकललं. माझ्या मनात असतं की आता सगळा मनोरा हिच्या भरवशावर सोडायला हरकत नाही. हे तिला सांगितल्याशिवाय कसं कळणार? मग एक दिवस 'ताई, घरी जमत नाही' असा मेसेज येतो आणि चांगली मुलगी जाते. भांडून गेली असती तर निदान बोलणं तरी झालं असतं. चाळीतल्या जुन्या मुली मला जवळच्या वाटतात, नव्या टॉवरमधल्या मुलींना माझ्यापुढे दुप्पट सिद्ध व्हावं लागतं, हेही खरं आहे.

डबेवाल्यांची पद्धत मला म्हणूनच फार मोलाची वाटते. तिथे डबेवाला कुणाचा नोकर नसतो, भागीदार असतो. गटाचा मुकादम अनुभवी असतो, आणि एखादा आला नाही तर त्याचे डबे स्वतः उचलतो. भागीदाराला नुसता हुकूम देऊन भागत नाही, त्याच्याशी बोलावं लागतं. माझे गुडघे आता तळाला उभं राहू देत नाहीत. भार उचलता येत नसेल, तर निदान बोलणं तरी माझ्याकडून व्हायला हवं.

यंदा दोन गोष्टी ठरवल्या आहेत. सराव संपला की सगळ्यांनी बसायचं, तळाच्या मुलींनी आधी बोलायचं आणि मी मध्ये तोंड घालायचं नाही. जागा बदलली तर त्याच रात्री, त्या मुलीशी बोलूनच. पहिल्या तीन थरांच्या सरावाची शिट्टी दुसऱ्या मुलीकडे दिली आहे. थर बघून धोका ओळखणारी तिची नजर माझ्याइतकी पक्की झाली की मला एखादा दिवस निर्धास्त सुट्टी घेता येईल.

तुमच्यातले कुणी भजनी मंडळ चालवतात, कुणी सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, कुणी बचत गट सांभाळतात. तुमच्याकडची माणसं कशामुळे टिकली आणि कशामुळे गेली, ते खाली लिहा. गुरुपौर्णिमेआधी मला ते वाचायचं आहे.