स्वस्त लॅपटॉप घेऊ इच्छिणाऱ्यांस सविनय सल्ला

लॅपटॉप घ्यायचे ठरले की दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एक वाक्य पाठ करून ठेवावे: "फार भारी नको, घरच्या साध्या कामापुरता हवा." बेळगावच्या खडेबाजारातले दुकान असो की कॉलेज रोडवरचे, हे वाक्य ऐकताच समोरचा माणूस सर्वांत खालच्या फळीकडे हात नेतो आणि म्हणतो, "बिनधास्त घ्या की काका, पोरीच्या कॉलेजला भरपूर झालं." साध्या कामात काय काय येते हे त्याने विचारू नये आणि आपणही सांगू नये, असा या व्यवहाराचा जुना संकेत आहे, आणि तो मोडण्यात शहाणपण नाही. कारण सांगायला बसलो तर मुलीचा पीयूसीचा (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचा) ऑनलाइन वर्ग, त्याच वेळी उघडलेली नाडकचेरीच्या (दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीच्या) संकेतस्थळावरची जात-उत्पन्नाच्या दाखल्याची खिडकी, 'भूमी' या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून उतरवायचा शेताचा उतारा, बँकेचा खातेउतारा, कोपऱ्यात चालू असलेले यूट्यूब आणि बंद करायच्या राहून गेलेल्या दहा-बारा टॅब अशी यादी निघेल. यातले प्रत्येक काम ब्राउझरमध्ये चालते आणि ब्राउझरइतकी रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) खाणारे दुसरे काही सामान्य घरातल्या यंत्रावर क्वचितच असते. ती यादी ऐकून एखादा प्रामाणिक विक्रेता तुम्हाला वरच्या फळीकडे नेईल आणि मग स्वस्ताईचा आनंद तिथेच संपेल.

रॅम ४ जीबीच घ्यावी. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते, असे मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्येच जाहीर केले आहे आणि एवढ्या मोठ्या कंपनीच्या शब्दावर अविश्वास दाखवणारे आपण कोण? पायरीवर पाऊल टेकायला जागा मिळाली म्हणजे खानापूरच्या बसमध्ये बसायलाही जागा मिळालीच, असे आपण धरून चालतोच ना? त्या ४ जीबीतून पडद्यावरचे चित्र रंगवणारी चिप आपला वाटा आधी उचलते, विंडोज आपला मोठा घास घेते, अँटीव्हायरस आपला, आणि उरलेल्यात ब्राउझरने भागवावे अशी अपेक्षा असते. तो भागवत नाही. मग विंडोज रॅममधला मजकूर साठवणीच्या जागेवर उतरवून ठेवते आणि लागेल तेव्हा पुन्हा वर आणते. इथे आपली दुसरी काटकसर पहिलीच्या मदतीला धावते, कारण ती साठवणीची जागा म्हणजे आपण मोठ्या हौसेने निवडलेली ईएमएमसी, म्हणजे स्वस्त यंत्रांतली संथ साठवण, असते. साध्या सॅटा जातीच्या एसएसडी साठवणीचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास आणि एनव्हीएमई या वेगवान जातीच्या एसएसडीचा काही हजार. ईएमएमसी तिच्या उत्तम दिवशीही चारशेच्या पुढे जात नाही, आणि बारीकसारीक तुकडे लिहिण्या-वाचण्यात तर त्याच्याही पुष्कळ मागे पडते. वर्गात शिक्षकांचा आवाज पुढे जातो आणि चित्र मागून येते, त्याचे श्रेय या दोघींच्या सहकार्याला द्यावे.

६४ जीबी विकत घेतल्यावर पडद्यावर ५९ च्या आसपास दिसतात, म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. यात चोरी कोणाचीच नाही. विंडोज आणि तिची पिलावळ बसल्यावर जे उरते त्यात घरच्या लग्नाचे फोटोसुद्धा मावत नाहीत, आणि मोठे अपडेट आले की विंडोज स्वतःच जागा कमी पडल्याचे सांगून पेनड्राइव्ह जोडायला सुचवते. नव्या लॅपटॉपबरोबर पेनड्राइव्हही घ्यावा, म्हणजे खरेदीला शोभा येते. पुढे कधीतरी रॅम वाढवून घेऊ, असा विचार मनात आला तर तो हुसकावून लावावा. या वर्गातल्या बहुतेक यंत्रांत रॅमही आणि साठवणही बोर्डावर कायमची डाखलेली असते.

प्रोसेसरच्या बाबतीत स्टिकरचा पहिला शब्दच वाचावा. 'सेलेरॉन' आणि 'पेंटियम' ही स्वस्त प्रोसेसरांची नावे ऐकून लोक नाके मुरडू लागले, तेव्हा इंटेलने २०२३ च्या लॅपटॉपपासून ती मागे घेऊन नुसते 'इंटेल प्रोसेसर' असे सोज्वळ नाव दिले. त्या नावाखाली आत काय आहे हे खोदून विचारणे असभ्यपणाचे ठरेल. इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीच्या रायझन ३ ७३२०यू मधला पहिला सात पाहावा आणि समाधान मानावे. त्यातला तिसरा अंक पाहू नये, कारण तो दोन असून झेन २ ही २०१९ सालची रचना सांगतो. (खरे बोलायचे तर चार कोअरचा हा प्रोसेसर घरकामाला वाईट नाही, फक्त त्याच्या शेजारी ८ जीबी रॅम असावी लागते, पण सल्ला देणाऱ्याने इतके खरे बोलू नये.)

पडदा १३६६ गुणिले ७६८ चा आणि टीएन जातीचा मिळाला तर सोडू नये. आपल्या भागात त्याचा एक खास उपयोग आहे. शेताचा उतारा आडवा, बारीक रकान्यांचा आणि कन्नडमध्ये असतो. नातू शाळेत कन्नड शिकलेला असतो, आजोबांना ती लिपी येत नाही, म्हणून नातवाने वाचायचे आणि आजोबांनी शेजारी बसून गट क्रमांकावर बोट ठेवायचे अशी अनेक घरांतली रीत आहे. टीएन पडद्यासमोर नेमके बसलेल्यालाच चित्र दिसते. बाजूला सरकले की रंग फिके पडतात आणि खालून पाहिले की अक्षरे काळवंडतात. त्यामुळे आजोबा बोट ठेवत नाहीत आणि नातवाचे काम लवकर आटोपते. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी सीमाभागात कित्येक वर्षे चालू आहे. पडद्यावर ती कोणत्याच भाषेत नीट दिसली नाहीत तर निदान भेदभाव झाला असे म्हणता येणार नाही.

आता खरेदी कुठे करावी? बेळगावात, निपाणीत किंवा खानापुरात मुळीच करू नये. कोल्हापुरात स्वस्त मिळते, ही श्रद्धा वडिलांकडून आपल्याकडे आलेली आहे आणि व्हॅटच्या काळात दोन राज्यांचे दर वेगळे असत तेव्हा तिला काही आधारही असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे १८ टक्केच कर लागतो. तरी श्रद्धेचे वय पाहता तिला इतक्यात दुखवू नये. गाडी काढावी, हत्तरगी आणि कोगनोळी या दोन टोलनाक्यांवर पैसे भरावेत, कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा घ्यावा आणि पाचशे रुपये वाचवून संध्याकाळी परत यावे. पेट्रोलचा खर्च हिशेबात धरणारा माणूस कुटुंबात अप्रिय होतो. कोल्हापूरला जाणे जमत नसेल तर मोबाइलवरचा महासेल आहेच. तिथे खोडून दाखवलेली छापील किंमत आणि खालची तांबडी किंमत यांतले अंतर म्हणजेच आपली कमाई समजावी. 'नो कॉस्ट ईएमआय' घेताना व्याजाइतकी सूट आधी दाखवतात, मग बँक ते व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वसूल करते, वर प्रक्रिया शुल्क वेगळे. परंतु नावातच खर्च नाही असे स्पष्ट लिहिलेले असताना संशय घेणे बरे नव्हे.

यंत्र घरी आल्यावर कळते की विंडोज 'एस मोड'मध्ये आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचे काहीच बसत नाही. कन्नड अर्जासाठी नुडी हे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर नाही, मंडळाच्या पत्रिकेसाठी मराठी अक्षरांचे श्रीलिपी नाही. हा मोड फुकट बंद करता येतो, फक्त पुन्हा चालू करता येत नाही. मात्र ते स्वतः करू नये. गल्लीतल्या पोराला बोलवावे. तो हजारभर रुपयांत 'सगळं टाकून देतो' म्हणतो, फुकटचे ऑफिस चालू करण्यासाठी अँटीव्हायरस बंद ठेवायला सांगतो आणि आपण कौतुकाने त्याला चहा देतो. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कळफलक मुळातच असतात, ही माहिती त्याच्या पोटावर पाय आणणारी असल्याने पसरवू नये.

एका मोहापासून मात्र दूर राहावे. कंपन्यांतून बाहेर पडलेले, आठव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि मागचे झाकण उघडून अनेकदा रॅम वाढवता येईल असे जुने ऑफिसवाले लॅपटॉप पुष्कळदा त्याच किमतीत मिळतात. नवे खोके नसेल तर शेजाऱ्यांना काय दाखवणार? घ्यायचाच झाला तर चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा घ्यावा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्या पिढ्यांना अधिकृतपणे स्वीकारत नाही, पण विक्रेता विंडोज ११ आडवाटेने बसवून देतो आणि पुढचे अपडेट येईपर्यंत सगळे सुरळीत चालते.

एवढे सगळे पाळूनही दोन-तीन वर्षांनी लॅपटॉप विकावासा वाटला तर भावाचा आग्रह धरू नये. रॅम निघत नाही, साठवण निघत नाही, बॅटरी तासाभरावर आलेली असते, म्हणून सुट्या भागांसाठीही तो कोणी घेत नाही. चार्जर कंपनीचाच असेल तर दुकानदार त्याचे पैसे देतो, तेवढा मात्र पिशवीत टाकायला विसरू नये.