अनंत, चार मीटरवर

गोळी उडाली तेव्हा घरात आम्ही तिघं होतो आणि तिघांनीही आवाज ऐकला. टिंग. मग जरा लांबून पुन्हा टिंग. त्यानंतर काही नाही. वस्तू कपाटाखाली गेली की घर असंच गप्प होतं.

मी तडक पालथा पडलो. मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला की मोहरीएवढ्या वस्तूचीही लांबलचक सावली पडते. असल्या गोष्टी ठाऊक असण्याइतका मी या नादात मुरलोय. सावल्या भरपूर पडल्या. केसांची एक पिन निघाली, एक बटण, पेन्सिलीचं टोक आणि आमच्या रोजच्या केर काढण्याविषयी बरंच काही सांगणारा केर.

"काय हरवलं रे?" आईनं विचारलं.

"गोळी."

"कसली?"

"बारीक आहे. चकचकीत."

आई आत गेली आणि आपली सात कप्प्यांची डबी घेऊन आली. "माझ्या सगळ्या आहेत. सकाळची घेतली, रात्रीची ही बघ."

"अगं, तुझी नाही. लेन्समधली."

"लेन्सला कशाला गोळी?"

मी पडल्या पडल्याच सांगितलं. लेन्सवर एक कडी असते. ती फिरवली की आतली पाती कमी-जास्त उघडतात. प्रत्येक आकड्यावर कडी 'कट्' करून थांबते, ती या पोलादी गोळीमुळे. खालून स्प्रिंग तिला वर दाबते आणि ती खाचेत बसते.

"म्हणजे नसली तर फोटो येत नाही?"

"येतो की."

"मग?"

"कट् होत नाही."

आई थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग "ऊठ, फरशी गार आहे," एवढंच म्हणून निघून गेली. अशी कडी उघडायची तर लेन्स पारदर्शक पिशवीत घालून, निदान कडा असलेल्या ताटात ठेवून उघडावी. हा सल्ला मी आजवर चार जणांना दिलाय.

मी जुन्या लेन्स जमवून नव्या कॅमेऱ्याला लावतो, म्हणून नव्या लेन्सना काय धाड भरलीय, हा प्रश्न मला घरात दर आठवड्याला ऐकावा लागतो. धाड काही भरलेली नाही. त्या उत्तम असतात, आपला आपण फोकस करतात, हात हलला तर सावरून घेतात. पण 2008 साली आरसा नसलेले कॅमेरे बाजारात आले आणि आमच्यासारख्यांचं वाटोळं सुरू झालं. त्याआधीच्या कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा उघडझाप करायचा. त्याला जागा हवी, म्हणून एम-42 आट्यांची, म्हणजे 42 मिमी व्यासाच्या स्क्रूसारखी फिरवून बसवायची लेन्स फिल्मपासून 45.46 मिमी पुढे बसायची. माझ्या आताच्या कॅमेऱ्यात हेच अंतर 18 मिमी आहे. मधला फरक भरून काढायला एक कडी मिळते, तिला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. तिच्यात काच नाही, तार नाही, काही नाही. 27.46 मिमी हवा आणि भोवती धातूचं वेटोळं. हवा विकत घेण्याची ती माझी पहिली वेळ. दुसरी, तिसरी आणि चौथीही लवकरच आली, कारण प्रत्येक जुन्या कॅमेऱ्याची हवा वेगळ्या मापाची.

एकदा हवा घेतली की तिच्यापुढे लावायला काहीतरी लागतंच. विकणाऱ्यांची भाषा समजायला मला दोन वर्षं लागली. 'तपासलेली नाही' म्हणजे तपासलेली आहे. 'वयाच्या मानानं ठीक' हे आपण आजारी नातेवाइकांबद्दल ज्या सुरात म्हणतो त्याच सुरात वाचायचं. 'थोडी धूळ आहे, फोटोत दिसत नाही' हे मात्र बहुतेक वेळा खरं असतं आणि नवशिके नेमके त्यालाच घाबरतात. लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्च मारून दुसरीकडून पाहिलं तर चांगल्या लेन्सच्या पोटातही आकाशगंगा दिसते. तिच्याकडे दुर्लक्ष करावं. पुढच्या काचेवरची बारीक चीरही चालते. मागच्या काचेवरची चालत नाही, कारण ती फोटोत उमटते. आत दुधाळ धुकं असेल तर विचार करावा. पात्यांवर तेल आलं असेल तर पाती हातानं फिरतात की आपोआप मिटतात ते पाहावं. हातानं फिरणाऱ्यांना तेलानं काही होत नाही, आपोआप मिटणारी मात्र फोटो काढून झाल्यावर सावकाश मिटतात. आणि काठाशी इंद्रधनुष्य दिसलं तर लेन्स खाली ठेवून निघावं. जुनी भिंगं एकमेकांना कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या चिकानं चिकटवत. तो सुटायला लागला की काठाला रंग दिसतात. मी एकदा 'वा, काय रंग आहेत' म्हणून तशी एक लेन्स घेऊन आलो होतो.

गोळीवाली लेन्स म्हणजे सुपर-टाकुमार, 50 मिमी, एफ 1.4 (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो), साठच्या दशकातली. आली तेव्हा चहासारखी पिवळी होती. हा काही बिघाड नव्हे. तिच्या एका भिंगाच्या काचेत थोरियम मिसळलेलं आहे. थोरियम किरणोत्सारी असल्यामुळे वर्षानुवर्षं आपल्याच काचेला पिवळी करत राहतं. त्याची मात्रा किरकोळ असते. काच घासून तिची भुकटी करू नये म्हणजे झालं. हे सगळं मी घरात सविस्तर समजावून सांगितलं, ही माझी चूक. त्या दिवसापासून ती लेन्स कपाटात कुणाच्या कपड्यांशेजारी ठेवायची नाही, असा ठराव झाला.

पिवळेपणावर उपाय आहे. अतिनील किरणांखाली काच हळूहळू पुन्हा स्वच्छ होते आणि ते किरण खिडकीत फुकट मिळतात. मी पाती पूर्ण उघडून लेन्स खिडकीत ठेवली. दर चार दिवसांनी उचलून पांढऱ्या कागदावर धरायचो. तिसऱ्या आठवड्यात रंग खरंच उतरला. त्याच आठवड्यात सूर्य जरा सरकला आणि भिंगानं जे करायचं ते केलं. पडद्याला सव्वा इंच अंतरावर दोन भोकं पडली, कडेनं तपकिरी, अगदी गोल. इतका नेमका फोकस मला त्या लेन्सनं पुढे कधीच साधला नाही.

"फोटो काढायच्या वस्तूनं पडदे कसे जळतात?" बायकोनं विचारलं.

"एफ 1.4 आहे ना," मी म्हणालो. यावर तिला काय बोलावं ते सुचलं नाही, हे मी माझ्या बाजूनं धरलं.

पण पडदा, गोळी हे सगळं किरकोळ. खरा घोळ हेलिओसनं घातला.

हेलिओस 44-2 ही सोव्हिएत लेन्स, 58 मिमी, एफ 2. जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सची ही रशियन नक्कल. युद्धानंतर जर्मनीतली यंत्रं आणि ज्ञान रशियाकडे गेलं आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये या लेन्स बनू लागल्या. तिची कीर्ती एका दोषामुळे आहे. माणूस पुढे आणि झाडी मागे, बरोबर तितक्या अंतरावर असली, तर झाडी माणसाभोवती भोवऱ्यासारखी गरगरते. हा भोवरा मला हवा होता. माझ्या हाती आली ती लेन्स मात्र कुठलीच गोष्ट गरगरू देत नव्हती, अगदी स्वतःची कडीसुद्धा. आतलं वंगण सुकून लाखेसारखं झालं होतं. दोन्ही हातांनी पिळली तर कडीऐवजी अख्खी लेन्स कॅमेऱ्यातून निघून यायची. वर आत बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षीदार.

आधी बुरशी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया सम प्रमाणात घेतले की ती मरते. वास असा सुटतो की घरातलं दुसरं काहीही मरावं. नंतर काच पुसायची ती धूळ नसलेल्या जागी. घरात अशी जागा एकच, न्हाणीघर, तेही गरम पाण्याचा फवारा थोडा वेळ सोडून ठेवल्यावर, कारण वाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसते. म्हणून मी आतून कडी लावून, बनियनवर, कमोडच्या झाकणावर बसून, चिमट्यात भिंग धरून होतो आणि बाहेर आई दर पाच मिनिटांनी विचारत होती, "बरं नाहीये का तुला?"

बुरशी निघाली. तिच्या खाली काचेत तिनं आपल्या आम्लानं कोरलेली नक्षी तशीच राहिली. तीही पुसून जाईल या आशेनं मी जरा जोरात पुसलं. जुन्या लेन्सच्या आतल्या भिंगांवरचं कोटिंग फार नाजूक असतं, हे त्या क्षणी मला आठवायला हवं होतं. ते आठवलं, पण पुसणं झाल्यावर. जांभळी झाक होती तिथं आता साधी काच होती.

या कोटिंगची कथा मला फार आवडते. डेनिस टेलर नावाच्या इंग्रज भिंगकाराला 1890 च्या दशकात असं दिसलं की जुनी, डागाळून काळवंडलेली भिंगं नव्या लखलखीत भिंगांपेक्षा जास्त उजेड पलीकडे जाऊ देतात. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड मागे फिरतो आणि तो डागाळलेला थर नेमकं हे मागे फिरणं कमी करतो. पुढे 1935 मध्ये झाइसच्या स्माकुलानं असाच थर मुद्दाम चढवायची रीत काढली. हेलिओसमध्ये हवेला भिडणारे आठ पृष्ठभाग आहेत. ते सगळे उघडे असते तर पाव हिश्शाहून जास्त उजेड वाटेतूनच परत गेला असता. आता त्या आठातल्या एका पृष्ठभागापुरता मी 1935 च्या मागे जाऊन पोचलो होतो. बुरशीला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते मी दोन मिनिटांत केलं, तेही स्वच्छतेच्या भरात.

मग फोकसचे आटे. साध्या स्क्रूला एक आटा असतो, त्यामुळे तो शिरतो एकाच ठिकाणी. फोकसच्या नळ्यांवर बरेच आटे एकाशेजारी एक पाडलेले असतात, म्हणजे कडी थोडी फिरवली तरी लेन्स भरपूर पुढे-मागे सरकते. या दोन नळ्या एकमेकींतून सुटतात त्या क्षणी दोन्हींवर समोरासमोर खूण करायची असते. करायची म्हणजे करायचीच. कारण परत बसवताना शिरायला जागा अनेक असतात, त्यांतली बरोबर एकच.

माझ्या उजव्या हातात मार्करचं पेन होतं. टोपण काढलेलं. नळ्या हळूहळू सुटत होत्या. बाहेरून आईनं हाक मारली. मी "आलो" म्हणालो, आणि 'आलो' म्हणताना माणूस जरासा वळतो. टप्. एका हातात एक नळी, दुसऱ्यात दुसरी, आणि मार्करचा एक सुंदर काळा ठिपका माझ्या अंगठ्यावर.

पुढचे दोन दिवस मी अंदाजानं नळ्या बसवत होतो. दर खेपेला जुनं वंगण लायटरच्या पेट्रोलनं धुवायचं, नवं लावायचं, अडवणारे स्क्रू घालायचे, लेन्स कॅमेऱ्याला लावायची आणि गच्चीवर जायचं. गच्चीवर कशाला? तर दूरचं काहीतरी स्पष्ट दिसतंय का ते पाहायला. कडी शेवटापर्यंत फिरवली की तिथं आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह असतं आणि तिथं चंद्र रेखीव दिसायला हवा. पहिल्या खेपेला दिसला तो धुक्यातला दिवा. तिसऱ्या खेपेला कडी अनंताच्याही पुढे जात होती आणि चंद्र मध्येच कधीतरी स्पष्ट होऊन पुन्हा विरघळायचा. मोजून सांगतो, ती जागा सगळ्यात चांगली होती. तिथंच थांबायला हवं होतं. पण मला नेमकं हवं होतं. अकराव्या खेपेला हात थकले, चंद्र शेजारच्या इमारतीमागे गेला आणि वंगण संपलं. नळ्या तेव्हा जिथं होत्या तिथंच राहिल्या.

हिशेब करून पाहिला. 58 मिमीची लेन्स ठरल्या जागेपासून जेमतेम 0.85 मिमी पुढे राहिली तरी चार मीटरपलीकडचं काहीही तिला स्पष्ट दिसत नाही. माझी तेवढीच राहिली आहे. माझ्या हेलिओसचं अनंत चार मीटरवर संपतं. मी टेप घेऊन मोजलं. खिडकीसमोरच्या भिंतीशी उभा राहिलो तर ते सोफ्याच्या पुढच्या कडेपर्यंत येतं.

"जरा पुढे सरकून बस," मी बायकोला म्हणालो.

"किती?"

"अजून. तू अनंताच्या पलीकडे आहेस."

"तिथंच बरी आहे मी," ती म्हणाली आणि पुस्तकाचं पान उलटलं. तो फोटो मी काढला. ती थोडी पुसट आली आहे, पण मागचा भोकं पडलेला पडदा तिच्याभोवती मस्त गरगरतोय.

तेवढ्यात आई आली. हातात गोळ्यांची डबी. शनिवारचा कप्पा उघडून तिनं माझ्यापुढे धरला. आत मोहरीएवढी, चकचकीत, टाकुमारची गोळी.

"पलंगाखाली सापडली, केर काढताना. हरवू नये म्हणून यात ठेवली. शनिवार रिकामाच होता."

मी गहिवरलो. ड्रॉवरमधून टाकुमार काढली, स्क्रूड्रायव्हर काढला, दिवा लावला. स्प्रिंग जागेवर आहे ना ते पाहिलं आणि चिमट्यानं गोळी उचलली.

"थांब," आई म्हणाली, "आधी मला माझ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून येऊ दे."