एका खोलीत अख्खं गाव शिकलं? कधी?

‘आजोबांच्या वेळी एक खोली, एक मास्तर, चार वर्ग, तरी अख्खं गाव शिकलं. मग आता दुसरा शिक्षक कशाला?’ हा मेसेज फिरत फिरत शाळा व्यवस्थापन समितीच्या ग्रुपवर आला आणि पालकच ‘बरोबर आहे’ म्हणू लागलेत. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

अख्खं गाव शिकलं, हे धादांत खोटं. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८.३३ टक्के होती. बायकांत शंभरात नऊसुद्धा नाहीत. शाळा देवळाच्या सभामंडपात भरत असेल तर दलित पोरं बाहेरच. कापूस वेचणी लागली की उरलेल्यांतलीही कितीतरी वावरात.

‘मास्तर चारही वर्ग एकदम शिकवायचे.’ एकदम कोणालाच शिकवता येत नाही. परिपाठ, हजेरी, जेवण वगळून पाच तास धरा: वर्गामागे ७५ मिनिटं, त्यात मराठी, गणित, इंग्रजी, परिसर. उरलेला वेळ स्वाध्याय. चौथीला शुद्धलेखन, तिसरीला फळ्यावर वजाबाक्या, दुसरीला पाढे देऊन शिक्षक पहिलीजवळ बसतो, कारण पहिलीच्या लेकराला फळा वाचताच येत नाही. त्यात दुसरीच्या पाढ्यांत ‘क’ आणि ‘ख’ बुडतात. तिकडे तिसरीतली मुलगी ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहिते, कारण लहान अंक मोठ्यातून वजा करायचा एवढंच तिला कळलंय. पाटी वेळेवर तपासली तर दोन मिनिटांत दुरुस्त होईल. तपासायला माणूस नाही, म्हणून तशाच दहा वजाबाक्या होतात आणि चूक पक्की बसते. शिक्षक केंद्राच्या बैठकीला गेला तर शाळेलाच कुलूप.

मोठी मुलं लहानांना शिकवतात, हे मान्य. चौथीचे पाढे कानावर पडून दुसरीच्या मुलांनाही ते पाठ होतात. पण वाचन तसं येत नाही.

कवेलूची (कौलारू) खोली गार असते, तेही खरं. माकडांनी कवेलू फोडले की पावसात चारही वर्ग एका कोपऱ्यात, एवढंच मेसेजात नाही.

१९८७ च्या केंद्र सरकारच्या खडू-फळा मोहिमेनंच (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड) किमान दोन खोल्या, दोन शिक्षक ठरवले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि दर शिक्षकामागे एक खोली आहे. समितीनं ठराव करायचाच तर त्यात पट, मंजूर पदं, हजर शिक्षक आणि पावसात वापरता येणाऱ्या खोल्या लिहा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.